आतडं आत कशानं ओढलं?

पोटात कळ येते. माणूस पंधरा-वीस मिनिटं तळमळतो, कधी एखादी उलटी होते आणि मग सगळं शांत. दुसऱ्या दिवशी तो कामावर जातो, वरण-भात जेवतो, झालेलं विसरतो. आठवड्याभरात पुन्हा तेच. घरातले म्हणतात वायगोळा असेल, पित्त असेल, लग्नातलं जेवण बाधलं असेल. मेडिकलमधून गोळी येते, कळ थांबते आणि गोळी लागू पडली असं सगळ्यांनाच वाटतं. खरं तर अशी कळ गोळी न घेताही थांबली असती, आणि पुन्हा यायची ती गोळी घेऊनही येतेच.

अशा बहुतेक कळांमागे साधीच कारणं निघतात. थोड्या लोकांमध्ये मात्र आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरत असतो आणि पुन्हा सुटत असतो. घाईघाईत सदरा काढताना बाही आतल्या आत उलटते, तसा हा प्रकार. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात. लहान मुलांमधलं इंटससेप्शन बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचं आहे. मोठ्या माणसांत ते क्वचित होतं आणि क्वचित होतं म्हणूनच महिनोन्महिने लक्षात येत नाही. हा लेख मोठ्या माणसांसाठी आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या घरच्यांसाठी आहे.

आतडं पोटात सुटं लोंबत नसतं. एका पातळ पडद्याने ते पाठीच्या बाजूला बांधलेलं असतं आणि त्याच पडद्यातून त्याला रक्त मिळतं. आतड्याचा तुकडा पुढे सरकून आत शिरला की पडदाही त्याच्याबरोबर ओढला जातो आणि दोन थरांच्या मध्ये चिमटतो. आधी दबतात त्या अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा, कारण त्यांची भिंत पातळ. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही. आतडं सुजतं, आतलं अस्तर झिरपू लागतं, शौचातून रक्त-शेंब पडते. सूज आणखी वाढली की आत येणारं रक्तही थांबतं आणि तो भाग काळा पडू लागतो. एकदा आतडं पक्कं अडकलं की हा शेवटचा टप्पा काही तासांत गाठला जातो. मोठ्या माणसांत मात्र ते बऱ्याचदा अर्धवट अडकतं आणि सुटतं, म्हणून त्रास येत-जात राहतो.

या आजाराचं वर्णन १६७४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या पॉल बार्बेट यांनी केलं. १८७१ मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या मुलीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून या आजाराची बहुतेक समज लहान मुलांवरून आलेली आहे. मुलांमध्ये दहापैकी नऊ वेळा आतड्यात गाठ वगैरे काही सापडत नाही. हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने आतडं मागे ढकललं की बहुतेक मुलं बरी होतात. मोठ्या माणसांचं गणित नेमकं उलटं आहे. त्यांच्यात बहुतेक वेळा आतड्याच्या भिंतीवर काहीतरी असतं, गाठ, कोंब, चट्टा असं काही. आतड्याची पुढे ढकलणारी लाट त्याला घास समजून पुढे नेते आणि त्याच्या मागोमाग आतड्याची भिंत आत ओढली जाते. या ओढणाऱ्या गोष्टीला आम्ही सर्जन मंडळी लीड पॉइंट म्हणतो.

म्हणून मोठ्या माणसात ‘आतड्यात आतडं शिरलंय’ एवढं कळलं तर निदान अर्धंच झालं. ते कशानं ओढलं, हा प्रश्न उरतोच. पुढच्या तपासण्या, शस्त्रक्रियेची तऱ्हा, किती आतडं काढायचं, नंतर औषधं लागतील का, सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. पेशंटने आणि नातेवाइकांनीही डॉक्टरांना हाच प्रश्न आधी विचारावा.

क्वचित म्हणजे किती

इंटससेप्शनच्या सगळ्या रुग्णांत मोठी माणसं साधारण ५ टक्के. मोठ्या माणसांमध्ये आतडं अडकण्याच्या सगळ्या घटना घेतल्या, तर त्यातल्या १ ते ५ टक्के यामुळे होतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलसारख्या मोठ्या रुग्णालयाने १९९७ मध्ये आपल्या ३० वर्षांच्या नोंदी छापल्या, तेव्हा शस्त्रक्रियेत खात्री झालेले प्रौढ रुग्ण भरले अवघे ५८. त्यातल्या ९३ टक्के रुग्णांत ओढणारं काहीतरी सापडलं होतं. एवढ्या मोठ्या ठिकाणी वर्षाला जेमतेम दोन, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी आयुष्यात एकही पाहिलेला नसणं स्वाभाविक आहे. त्यांच्यावर रागवू नका. त्यांना नीट माहिती द्या, म्हणजे ते तुम्हाला वेळेत पुढे पाठवतील.

मुलांमध्ये शिकवली जाणारी तीन लक्षणं, म्हणजे थांबून थांबून येणारी कळ, लालसर जेलीसारखी शौच आणि पोटात हाताला लागणारा गोळा, मोठ्या माणसांत एकत्र फारशी दिसत नाहीत. बहुतेकांची तक्रार कळ, मळमळ, उलटी, पोट फुगणं आणि कधी बद्धकोष्ठ एवढीच असते. यात वेगळं ओळखू येण्यासारखं काहीच नाही. पण काही तपशील डॉक्टरांना जागं करतात, आणि ते पेशंटशिवाय कुणी सांगू शकत नाही. कळ चढत जाते, शिगेला पोहोचते आणि पूर्ण ओसरते का? मधल्या काळात पोट अगदी बरं असतं का? कळ आली की पोटात गुडगुड ऐकू येते आणि एका जागी गोळा उभा राहिल्यासारखं वाटतं का? वजन उतरलंय का, कपडे सैल झालेत का? शौच काळी पडते का, किंवा रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन कमी आलंय का? मोबाइलमध्ये तारीख, वेळ, कळ किती वेळ टिकली आणि त्याआधी काय खाल्लं होतं, एवढं लिहून ठेवलंत तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

पूर्वीच्या गोष्टीही न विचारता सांगाव्यात. पोटाची कुठलीही शस्त्रक्रिया, आणि वजन कमी करण्याची बायपास शस्त्रक्रिया तर आवर्जून. ती झालेल्यांमध्ये, विशेषतः भरपूर वजन उतरलेल्या स्त्रियांमध्ये, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जोडलेल्या ठिकाणी आतडं उलट्या दिशेने शिरू शकतं आणि तिथे बऱ्याचदा गाठ नसते. पुण्या-मुंबईत या शस्त्रक्रिया झालेले लोक आता पुष्कळ आहेत. बायपास होऊन पाच वर्षं झाली तरी पोटातली नवी कळ त्यांनी गॅसवर ढकलू नये. कुठल्याही काळ्या तिळाची किंवा तळपायावरच्या काळ्या डागाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही सांगा, कारण मेलॅनोमा हा कॅन्सर वर्षांनंतर लहान आतड्यात उतरू शकतो.

आणि तोंड उघडून दाखवा. ओठांवर, गालाच्या आतल्या बाजूला, बोटांवर लहान-लहान तपकिरी-काळे ठिपके असतील तर ते पॉइट्झ-जेघर्स नावाच्या आनुवंशिक विकाराचे असू शकतात. या लोकांच्या लहान आतड्यात कोंब वाढतात आणि तेच आतडं ओढतात. मिश्री-तंबाखूने तोंडात पडणारे डाग वेगळे. हे ठिपके लहानपणापासून असतात. ओठांवरचे वयाबरोबर फिके होतात, गालाच्या आतले बहुधा राहतात. पोटासाठी आलेल्या पेशंटचं तोंड टॉर्चने बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात कधीकधी महागड्या तपासण्यांनी न दिलेलं उत्तर सापडतं.

थांबायचं नाही अशी वेळ

कळ येऊन जायची ती आता एकसारखी राहिली, पोट कडक झालं, हात लावू देत नाही, ताप आला, नाडी धावतेय, उलटीला हिरवट किंवा घाण वास येणारं पाणी पडतंय, वारा सरत नाही, शौचातून रक्त येतंय, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो की सण, थेट अशा रुग्णालयात जा जिथे सीटी स्कॅन, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय चोवीस तास आहे. १०८ची रुग्णवाहिका बोलवा. तोंडाने काही देऊ नका, चहासुद्धा नको. एरंडेल, जुलाबाची गोळी, घरी एनिमा, पोट चोळून घेणं, यांतलं काहीही करू नका, अडकलेलं आतडं त्याने फाटू शकतं. दुखणं कमी करणारं इंजेक्शन घ्यायला मात्र हरकत नाही. इंजेक्शनने निदान झाकलं जातं हा जुना समज आहे. चूक होते ती इंजेक्शन घेऊन, बरं वाटलं म्हणून घरी परतण्यात.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात गेलात तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. तातडीच्या वेळी आधी दाखल करून फोनवरून कळवण्याची सोय योजनेत आहे, त्यामुळे कागद गोळा करण्यात तास घालवू नका.

तपासणी, आणि तिची वेळ

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून पुष्कळ लोक निश्चिंत होतात. ही सोनोग्राफी कळ नसताना झाली असेल तर तिचा उपयोग फार थोडा, कारण त्या वेळी आतडं सुटून जागेवर आलेलं असू शकतं. शिवाय पोट वाऱ्याने फुगलेलं असेल तर सोनोग्राफीला आतलं दिसतच नाही. म्हणून डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा, कळ आली की येतो, त्याच वेळी बघा. सोनोग्राफीत आडव्या छेदात एकात एक वर्तुळं दिसतात, त्याला टार्गेट साइन म्हणतात. ती दिसली तर पुढची पायरी सीटी स्कॅन, आणि न दिसली पण शंका पक्की असेल तरी सीटी स्कॅनच.

मोठ्या माणसात या आजाराची सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला पोटाचा सीटी स्कॅन. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी अशा औषधाने आलेली रिॲक्शन, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, हे आधी सांगा. बाई गरोदर असेल तर सोनोग्राफी आणि एमआरआयवर भागवतात.

सीटीच्या चित्रात काय दिसतं हे एकदा समजून घेतलंत तर रिपोर्ट वाचताना धडधड कमी होईल. बाहेरचं एक जाड वर्तुळ, म्हणजे ज्यात शिरलंय ते आतडं. त्याच्या आत दुसरं वर्तुळ, शिरलेलं आतडं. आणि दोन्हींच्या मध्ये, एका बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराचा काळा पट्टा आणि त्यात पांढरे ठिपके. तो काळा पट्टा म्हणजे ओढला गेलेला पडदा, त्यातली चरबी सीटीवर काळी दिसते. पांढरे ठिपके म्हणजे त्यातल्या रक्तवाहिन्या. आतड्याच्या आत चरबी आणि रक्तवाहिन्या दिसायचं दुसरं कारणच नाही, म्हणून हे चित्र इतकं बोलकं ठरतं. रेडिऑलॉजिस्टला मग तीन गोष्टी सांगायच्या असतात. शिरलेल्या भागाच्या टोकाशी काही आहे का. आतडं वरच्या बाजूला फुगलंय का. भिंतीला रक्त पोहोचतंय का. टोकाशी चरबीचा गोळा असेल तर तोही काळाच दिसतो आणि लायपोमाचं निदान शस्त्रक्रियेआधीच जवळजवळ पक्कं होतं. बाकीच्या गाठी मात्र सुजलेल्या आतड्यात मिसळून जातात, त्यांचं नाव सीटीवरून ठरवणं अवघड.

दुसऱ्याच कारणासाठी, मुतखड्यासाठी समजा, सीटी काढला आणि रिपोर्टात ‘ट्रान्झियंट स्मॉल बॉवेल इंटससेप्शन’ अशी ओळ आली, म्हणून कुणी घाबरून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. लहान आतड्याचा छोटासा भाग, साधारण ३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, क्षणभर शिरून सुटतो आणि नेमका तेव्हाच फोटो निघतो. वरचं आतडं फुगलेलं नाही, टोकाशी गाठ नाही, पोट दुखत नाही, तर त्याला काहीही करावं लागत नाही. सीटी सर्रास होऊ लागल्यापासून अशा नोंदी पुष्कळ वाढल्या आहेत. मात्र अशी नोंद पुन्हा पुन्हा येत असेल, जुलाब होत असतील, वजन वाढत नसेल, तर गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिॲक आजार तपासून घ्यावा. अशा क्षणिक इंटससेप्शनशी त्याचा संबंध माहीत आहे.

मोठ्या आतड्यातला प्रकार असेल आणि पेशंट स्थिर असेल तर शस्त्रक्रियेआधी कोलोनोस्कोपी करून गाठ डोळ्यांनी पाहावी. त्यात दोन सावधगिऱ्या. गाठीचं टोक बऱ्याचदा रक्त न मिळाल्याने मेलेलं असतं, तिथला तुकडा घेतला तर रिपोर्टात नुसतं मेलेलं मांस येतं. ‘बायॉप्सीत कॅन्सर नाही’ हे ऐकून शस्त्रक्रिया टाळू नये. आणि रुंद बुडाची चरबीची गाठ दुर्बिणीतून तारेने कापायचा मोह धरू नये, आतड्याला भोक पडण्याची भीती असते.

आपल्याकडची एक अडचण वेगळी सांगायला हवी. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं, तिथे पोटाचा टीबीही घर करतो. त्या पेशंटचीही तक्रार हीच असते, ‘डॉक्टर, पोटात गोळा फिरतो, मग गुडगुड होऊन सुटतो.’ भिंत दोन्हींत जाड दिसते, वजन दोन्हींत उतरतं. अशा वेळी तुकडा न तपासता अंदाजाने टीबीचा कोर्स सुरू करणं मला पटत नाही. त्यामागे मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) दडलेला असेल तर सहा महिने वाया जातात, आणि त्या सहा महिन्यांची भरपाई होत नाही. शक्य तिथे कोलोनोस्कोपीने तुकडा घ्या, टीबीसाठीही तपासा, आणि मगच गोळ्या सुरू करा.

कधीकधी मोठ्या आतड्याचा खालचा भाग शिरत शिरत शौचाच्या जागेतून बाहेर येतो. घरचे त्याला मूळव्याध समजतात, कधी अंग बाहेर आलं म्हणतात. तपासताना बाहेर आलेल्या भागाच्या आणि गुदद्वाराच्या कडेच्या मधून डॉक्टरांचं बोट आत सहज जातं, तेव्हा ते वरून आलेलं आतडं असतं. नुसतं अंग बाहेर आलं असेल तर बोट जात नाही. मूळव्याधीच्या जाहिराती बघून अशा ठिकाणी क्षारसूत्र किंवा लेझर करून घेण्याआधी हे एकदा नीट पाहून घ्यावं.

टेबलावर काय ठरतं

शस्त्रक्रियेआधी नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात, सलाइनने शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढतात, प्रतिजैविक देतात. आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात असेल तर ही तयारी एक-दोन तासांत उरकून टेबलावर घ्यावंच लागतं. तसं नसेल तर तपासण्यांना आणि दुसऱ्या मताला एखाद-दुसरा दिवस मिळतो. तो दिवस घ्यावा.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, नुसतं ओढून बाहेर नाही का काढता येणार? कापायलाच हवं का?’ उत्तर जागेवर अवलंबून आहे.

मोठ्या आतड्यात ओढणारी गाठ साधारण निम्म्या वेळा, काही ठिकाणच्या नोंदींत त्याहून जास्त वेळा, कॅन्सरची निघते. म्हणून तिथे शिरलेलं आतडं सोडवायच्या भानगडीत न पडता सगळा भाग जसाच्या तसा, त्याच्या पडद्यातल्या लसीका गाठींसह, एकत्र काढतात. सोडवताना सुजलेलं आतडं फाटून घाण पोटात सांडू शकते, कॅन्सरच्या पेशी रक्तात किंवा पोटात पसरू शकतात, आणि दाबून दाबून नाजूक झालेल्या भिंतीवर टाके धरत नाहीत. पेशी पसरण्याबद्दल पुरावा थोडा आहे हे खरं, पण जो भाग काढायचाच आहे तो आधी सोडवून काय मिळवायचं? उजव्या बाजूच्या गाठीसाठी लहान आतड्याचं शेवटचं टोक, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून दोन टोकं जोडतात. कॅन्सर असेल तर त्याची पायरी नीट ठरवायला निदान १२ लसीका गाठी तपासायला मिळाव्या लागतात. त्यामुळे संशय असेल तर शस्त्रक्रिया पहिल्याच वेळी कॅन्सरच्या पद्धतीने व्हावी. अपवाद खालच्या भागाचा. शिरलेलं आतडं गुदाशयात उतरलं असेल तर हलक्या हाताने थोडं मागे घेतल्याने कधी गुदद्वार वाचतं आणि पोटावर कायमची पिशवी टळते. तिथे सर्जन जोखीम तोलून ठरवतो.

लहान आतड्यात चित्र सौम्य असतं. तिथे साध्या गाठी जास्त, चरबीची गाठ, सूज येऊन झालेला कोंब, आतून उलटलेलं मेकेलचं डायव्हर्टिक्युलम (लहान आतड्याला जन्मतःच असलेली छोटी पिशवी). कॅन्सर तिथेही असतो, पण कमी. म्हणून आतडं ताजंतवानं दिसत असेल आणि गाठ साधी वाटत असेल तर आधी सोडवतात आणि मग गाठीपुरताच तुकडा काढतात. सोडवण्याचीही एक रीत आहे. वरून आत गेलेलं आतडं वरच्या टोकाने ओढायचं नाही, ओढलं की ते फाटतं. खालच्या बाजूला, जिथे शिरलेल्या भागाचं टोक बोटांना घट्ट लागतं, तिथे मूठ लावून मागच्या दिशेने हळूहळू दाबत यायचं. इंच-इंच आतडं बाहेर येतं आणि शेवटचे काही इंच सगळ्यात कठीण असतात, कारण सूज तिथेच जास्त. बाहेर आलेलं आतडं जांभळं दिसतं. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या पॅडने ते झाकून पाच-दहा मिनिटं थांबतात. पॅड उचलल्यावर रंग गुलाबी होतोय का, पडद्यात नाडी लागतेय का, चिमटा लावला की आतडं आकसतंय का, हे बघतात. तिन्ही होत असेल तर तेवढं आतडं वाचलं. नाही तर ते काढावं लागतं.

आतडं वाचवणं सगळ्यात मोलाचं कुणासाठी, तर पॉइट्झ-जेघर्सच्या पेशंटसाठी. त्यांना आयुष्यात पुन्हा पुन्हा कोंब येतात. दर वेळी हातभर आतडं कापत गेलं तर चाळिशीत अन्न पचवायला पुरेसं आतडं उरत नाही. त्यांच्यात आतडं सोडवून, छोटी चीर देऊन कोंब काढतात, आणि त्याच भुलेत बाकीचं लहान आतडंही दुर्बिणीने आतून बघून मोठे कोंब काढून घेतात. वजनाच्या बायपासनंतरच्या पेशंटमध्ये जोडाची जागा काढून नव्याने जोडणं हा एक मार्ग, आणि नुसतं सोडवून आतडं टाक्यांनी जागेवर बांधणं हा दुसरा. पहिल्या मार्गाने त्रास परत यायची शक्यता कमी.

पोट फाडायचं की दुर्बिणीने करायचं, यावर नातेवाईक फार वाद घालतात. आतडं फार फुगलेलं नसेल आणि सर्जनचा हात बसलेला असेल तर दुर्बिणीने उत्तम होतं, दुखणं कमी, घरी लवकर. फुगलेल्या आतड्यात मात्र हत्यारांना जागाच राहत नाही. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडलं तर ते अपयश समजू नका, तो शहाणपणाचा निर्णय असतो. संमतीपत्रावर सही करताना तीन गोष्टी विचारून घ्या. पोट उघडावं लागेल का, पोटावर शौचाची पिशवी लागण्याची शक्यता किती आणि लागली तर ती परत आत घेता येईल का, काढलेला भाग कुठल्या लॅबकडे जाणार. आतड्याला भोक पडून पोटात घाण झाली असेल, पेशंट खचला असेल, तर लगेच जोडण्यापेक्षा पिशवी लावणं सुरक्षित. ती बहुतेक वेळा काही महिन्यांनी बंद करता येते.

नंतरचे दिवस आणि पॅथॉलॉजीचा कागद

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी बसवतात, चालवतात. पाण्याचे घोट लवकर सुरू करतात. वारा सरेपर्यंत थांबायचं, ही जुनी अट आता तितकी पाळत नाहीत. जोड सुटण्याची भीती साधारण पहिल्या आठवड्यात असते. बरा होत चाललेला पेशंट तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास एकाएकी मलूल झाला, ताप आला, नाडी वाढली, पोट पुन्हा फुगलं, तर घरी असलात तरी ताबडतोब परत या.

लहान आतड्याचा शेवटचा भाग ६० सेंटिमीटरहून जास्त काढला गेला असेल तर बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि त्याची इंजेक्शनं कायम घ्यावी लागतात. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ आधीच कमी असतं, त्यामुळे हे विसरलं जाऊ नये. पातळ शौच बराच काळ चालली तर तेही सांगा, पित्ताच्या क्षारांमुळे होणाऱ्या अशा जुलाबावर वेगळं औषध आहे.

काढलेला भाग टेबलाशेजारी उघडून दाखवला तर बघून घ्या, किंवा फोटो मागा. चरबीची गाठ पिवळी, गुळगुळीत, टोकाशी घासून जखम झालेली दिसते, कॅन्सर खडबडीत आणि कडक. पण डोळ्यांनी ठरवायचं नसतं. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला साधारण आठवडाभर लागतो आणि तो आल्याशिवाय उपचार संपले असं समजू नये. टाके काढून झाले, पोट दुखायचं थांबलं, म्हणून हा कागद आणायलाच न जाणारे पेशंट आहेत, आणि ओढणाऱ्या गोष्टीचं नाव त्याच कागदावर असतं. लायपोमा निघाला तर पुढे काही नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तर लसीका गाठींच्या अहवालावरून केमोथेरपी ठरते. लिम्फोमा निघाला तर रक्तविकार किंवा कॅन्सरतज्ज्ञांकडे जावं लागतं, त्याचा मुख्य इलाज औषधांचा आहे. जिस्ट नावाची गाठ निघाली तर तिचा आकार आणि पेशींच्या वाढीचा वेग बघून इमॅटिनिबच्या गोळ्या द्यायच्या का हे ठरवतात. टीबी निघाला तर कोर्स पूर्ण करायचा, आणि आता तो अंदाजाने नव्हे, पुराव्याने.

आणि कागदावर हॅमार्टोमॅटस पॉलिप, म्हणजे पॉइट्झ-जेघर्समध्ये येतो तसा कोंब, असे शब्द असतील तर तो रिपोर्ट फक्त पेशंटचा राहत नाही. पॉइट्झ-जेघर्स विकार आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. भावंडांना आणि मुलांना तोंडातले ठिपके दाखवायला आणा, जनुकतपासणीबद्दल विचारा. ज्या मुलांमध्ये विकार आढळेल, त्यांच्या आतड्याची पहिली तपासणी पोट कधीच दुखलं नसलं तरी वयाच्या ८व्या वर्षी करून घ्यायची असते.